दार घेतोय…

ही गोष्ट खरी आहे.

या पानावर प्रत्येक जण हेच म्हणतो, मला माहीत आहे. मी स्वतः वाचते तेव्हा मनात म्हणते, "हो का? बरं." त्यामुळे तुम्ही विश्वास ठेवलाच पाहिजे असा माझा हट्ट नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा. शेवटी मी एक प्रश्न विचारणार आहे. त्याचं उत्तर कोणाकडे असेल तर आजच द्या. उद्या दिलंत तर उपयोग नाही.

स्मशान नाही, जंगल नाही. मध्यरात्र तर मुळीच नाही. सुरुवात झाली एका रविवारी, भर दुपारी, आमच्या ऑफिसात. खिडकीतून डोळे दिपतील असं ऊन येत होतं.

आणि ऑफिसात माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

निदान मला तसं वाटत होतं…

आधी थोडं आमच्या कामाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही लिफ्टचे प्रोग्रॅम लिहितो. दार किती वेळ उघडं ठेवायचं, ब्रेक कधी सोडायचा, कुठल्या मजल्यावर थांबायचं, हे सगळं ठरवणारा कोड. एक हॉल, त्यात सहा टेबलं, आणि बाजूला काचेच्या दाराची एक चिंचोळी खोली. त्या खोलीत आमचा सर्व्हर. सगळ्यांचा कोड त्या एका मशीनवर राहतो. कोणी काय बदललं, कधी बदललं, सगळं तिथे नोंदलेलं असतं.

वाचायला सगळ्यांना मुभा आहे. लिहायला मात्र परवानगी लागते. प्रत्येकाची स्वतःची डिजिटल किल्ली असते, ती सर्व्हरवर बसवल्याशिवाय तुम्ही एक अक्षरही बदलू शकत नाही.

त्यातही दोन फाइली अशा आहेत की त्यांना हात लावायचा म्हणजे आमचेही हात थरथरतात. एक दाराची, दुसरी ब्रेकची. या दोन फाइली आधी आपल्या नावावर घ्याव्या लागतात. एकाने घेतली की तो सोडेपर्यंत दुसऱ्याला त्यात लिहिता येत नाही.

आता हे सगळं मशीन बघतंच. पण आमच्या आबांचा मशीनवर विश्वास नव्हता. त्यांनी हॉलमध्ये एक पद्धत पाडली होती. फाइल घेताना मोठ्याने ओरडून सांगायचं, "दार घेतोय!" बाकीच्यांपैकी कोणीतरी उत्तर द्यायचं, "घ्या!" उत्तर आल्याशिवाय हात लावायचा नाही. काम झालं की पुन्हा ओरडायचं, "सोडलं!"

बाहेरच्या माणसाला हा भाजीबाजार वाटायचा. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की मान वर न करता, तोंडात बिस्किट असतानाही आम्ही "घ्या" म्हणायचो.

ही सवय लक्षात ठेवा.

आबा म्हणजे खरं तर म्हातारे नव्हते. पण चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि दिवसभर "पंखा बंद करा, पाणी प्या, ताठ बसा" अशी भुणभुण. म्हणून आबा. सर्व्हर त्यांनीच उभा केला होता. नव्या माणसाला लिहिण्याची परवानगी तेच द्यायचे, शेजारी बसवून. "वाचताना चुकलीस तर तुझं नुकसान, पोरी. लिहिताना चुकलीस तर लिफ्टमधल्या माणसाचं." मला परवानगी देतानाही हेच म्हणाले होते. त्यांचा आणखी एक हट्ट होता. कोडमध्ये काहीही बदललं की वरच्या ओळीत कारण लिहायचं. का बदललं ते. कारण नसेल तर बदल नाही.

एका दुपारी आबांनी "दार घेतोय" म्हटलं. मीच "घ्या" म्हणाले. ते जेवायला घरी गेले. घर जवळच होतं.

जेवताना छातीत कळ आली.

त्यांचं "सोडलं" आम्ही कधी ऐकलंच नाही.

दाराची फाइल त्यांच्या नावावर तशीच राहिली. आठवडे गेले. ती सोडवण्याचा विषय कोणी काढला नाही, आणि खरं सांगते, मलाही काढवला नाही. आबांच्या मागे सर्व्हर माझ्या गळ्यात पडला होता.

मग नवी मुलगी यायची ठरली. सोमवारी रुजू होणार होती. सरांनी मला सांगितलं, "तिची परवानगी तयार ठेव. आणि जुनी नावं काढून टाक. किती दिवस ठेवणार?"

म्हणून त्या रविवारी मी एकटी ऑफिसात गेले.

सर्व्हरच्या खोलीत हॉलकडे पाठ करून बसावं लागतं. एसीचा घरघराट होता. नव्या मुलीचं खातं उघडलं, तिची किल्ली बसवली, लिहिण्याची परवानगी दिली. सगळं नीट झालं.

मग आबांचं नाव समोर आलं.

मला भरून आलं. उगाच स्क्रीन पुसला. शेवटी मन घट्ट करून त्यांची किल्ली काढून टाकली. दाराच्या फाइलवरचं त्यांचं नावही काढलं. आता यादीत आबा कुठेच नव्हते. मी दोनदा पाहिलं.

तेवढ्यात मागे हॉलमध्ये खुर्ची सरकली…

मला काहीच वाटलं नाही. आमच्याकडे एक टेस्टर आहे. प्रत्येक गोष्टीवर शंका घेतो म्हणून आम्ही त्याला शंकासुर म्हणतो. तो रविवारी अधूनमधून येतो. घरी बायको कामं सांगते म्हणे.

खुर्ची टेबलाजवळ आली. चाकांचा आवाज थांबला.

मग आवाज आला…

"दार घेतोय…"

"घ्या!" मी म्हणाले.

मान वर न करता. सवयीने.

कीबोर्डचा आवाज सुरू झाला. संथ. दोन बोटांनी टाइप करणाऱ्याचा. टक… टक… टक… मी माझं काम आवरत होते. मनात आलं, हा शंकासुर आज इतक्या हळू का टाइप करतोय?

आणि मग डोक्यात लख्खकन आलं.

शंकासुर टेस्टर आहे. तो तपासतो, लिहीत नाही. त्याला लिहिण्याची परवानगीच नाही.

दोन बोटांनी आमच्याकडे एकच माणूस टाइप करायचा…

माझी मान वळेना. पाठीमागे टक… टक… चालूच होतं. मग ते थांबलं.

"सोडलं."

अगदी रोजच्यासारखं. काम उरकल्यावर माणूस म्हणतो तसं.

त्यानंतर कोपऱ्यातून आवाज आला… ठिंग.

तुम्हाला सांगायचं राहिलं. आमच्या हॉलच्या कोपऱ्यात लिफ्टचं एक खरं दार आहे. चाचणीसाठी भिंतीला ठोकलेलं. त्याला लिफ्ट नाही, फक्त दार, उंबरा आणि वजन मोजणारी एक फळी. दार उघडलं की मागे सरळ भिंत.

ते दार उघडलं.

आता मात्र मी वळले. काचेतून सगळा हॉल दिसत होता. सहा टेबलं. सगळे स्क्रीन बंद. माणूस नाही. फक्त आबांची खुर्ची, जी आम्ही भिंतीशी सरकवून ठेवली होती, ती त्यांच्या टेबलाशी होती.

दार उघडंच होतं. नेहमी ते लगेच मिटतं. त्या दिवशी मिटेना. एखाद्याने बटण दाबून कोणासाठी तरी धरून ठेवावं तसं…

मग हळूच मिटलं.

मी सर्व्हरकडे वळले. दाराच्या फाइलमध्ये नवा बदल होता. नाव, आबांचं. ज्यांची किल्ली मी नुकतीच काढली होती त्यांचं. यादी पुन्हा पाहिली. यादीत आबा नव्हतेच. म्हणजे ज्याला लिहिण्याची परवानगी नाही, त्याने लिहिलं होतं.

परवानगी नाही कशी म्हणू? मी "घ्या" म्हणाले होते.

बदल छोटा होता. लिफ्टमधलं वजन स्थिर होईपर्यंत दार मिटायचं नाही, एवढाच. वरच्या ओळीत कारण लिहिलं होतं.

"चाक फटीत आहे."

मला काही अर्थ लागेना. कसलं चाक? कुठल्या फटीत?

पर्स उचलली आणि पळाले. जिने उतरले. आमच्या इमारतीतल्या लिफ्टकडे पाहायचीही हिंमत झाली नाही.

रस्त्यावर आल्यावर सरांना फोन लावला. आवाज वगैरे काही सांगितलं नाही, फक्त बदलाचं सांगितलं. ते भडकलेच. "कोणीतरी घुसलंय सर्व्हरमध्ये. आधी तो बदल काढ. दाराचा कोड आहे तो, खेळ नाही!"

त्यांचं चुकत नव्हतं. घरून लॅपटॉपवरून मी तो बदल मागे घेतला. जुना कोड पुन्हा जागेवर ठेवला.

रात्री आईला औषध देताना ती म्हणाली, "अगं, तुझे हात किती गार!"

आईबद्दल सांगायला हवं. तिच्या मूत्रपिंडांनी काम सोडलंय. एक दिवसाआड डायलिसिस. चालता येत नाही, चाकाची खुर्ची. हाडं इतकी ठिसूळ झालीत की डॉक्टरांनी बजावून ठेवलंय, साधा धक्कासुद्धा बसू देऊ नका. डायलिसिस तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्टशिवाय जाताच येत नाही. आणि त्या हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये आमचाच प्रोग्रॅम आहे. आई तिथल्या सगळ्या नर्सना सांगत असते, "ही लिफ्ट माझी लेक चालवते." मी कितीदा समजावलं, पण नाही.

सोमवारी नवी मुलगी आली. हसरी, बडबडी. आमची "घ्या-सोडलं" पद्धत ऐकून तिला भारी मजा वाटली. मी शंकासुराला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही.

"आबांचा लॅपटॉप कुठंय?" त्याने विचारलं.

"काकूंकडे."

"चालू असेल. कोणी नातेवाईक काहीतरी खुडबुड करत असेल. जाऊन बघ ना."

मला हे पटलं. खरं तर पटवून घेतलं. संध्याकाळी आबांच्या घरी गेले. काकू दारातच गळ्यात पडून रडल्या. लॅपटॉप कपाटात होता. बॅगेतून काढलेलाच नव्हता. चेनवर धुळीचा थर होता.

मी चहा नको म्हणाले तरी त्यांनी केला. मग आपणहून त्या दिवसाबद्दल बोलायला लागल्या. मी थांबवलं नाही.

"हॉस्पिटलात पोचेपर्यंत शुद्धीवर होते गं. बोलत होते. स्ट्रेचर लिफ्टमध्ये घेताना घोळ झाला बघ. पुढचा भाग आत गेला, आणि मागचं चाक त्या फटीत अडकलं. निघेच ना. वॉर्डबॉय ओढतोय, मी ढकलतेय, आणि ते मेलं दार! मिटायला लागलं. आदळलं यांच्या पायांवर. उघडलं, पुन्हा आदळलं."

मी कप खाली ठेवला.

"मला म्हणाले, 'चाक फटीत आहे. दाराला थांबायला हवं होतं.' दोनदा म्हणाले. मी म्हटलं, अहो, गप्प पडून राहा. तर म्हणाले, 'माझं दार आहे गं ते, माझं काम राहिलंय…'" काकूंनी डोळे पुसले. "तेवढंच. वर पोचेपर्यंत संपलं सगळं. जाता जाताही कामच. माझ्याशी बोलले असते तर काय बिघडलं असतं?"

मी काकूंचा हात धरून बसले.

कोणतं हॉस्पिटल ते विचारायची गरज नव्हती. गावात सगळे तिथेच जातात. आम्हीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधीच शंकासुराला बोलावून घेतलं. चाचणीच्या दारापाशी आम्ही ऑफिसची एक खुर्ची नेली. उलटी, पाठ आत, चाक उंबऱ्याच्या फटीत. हॉस्पिटलच्या त्या जुन्या लिफ्टसारखा एकच सेन्सर लावला, कमरेच्या जरा वर. खुर्चीची पाठ आत गेली की सेन्सरला वाटतं, वाट मोकळी आहे. खाली माणसाचे पाय असतात, ते त्याला दिसतच नाहीत.

जुना कोड लावला.

दार मिटलं आणि खुर्चीच्या पायावर धाडकन आदळलं.

मग आबांचा बदल लावला. दार थांबलं. खुर्ची फटीतून निघून वजन स्थिर होईपर्यंत थांबलं. मगच मिटलं.

शंकासुर कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "बरोबर आहे गं. शंभर टक्के बरोबर आहे."

आयुष्यात पहिल्यांदा त्याला कशाचीच शंका आली नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

सरांनीही चाचणी पाहिली आणि होकार दिला. बदल परत घातला. पण सर्व्हरवर घातला म्हणजे लिफ्टमध्ये गेला असं नसतं. हॉस्पिटलची परवानगी, मेकॅनिकची वेळ, या सगळ्याला दिवस लागतात. मी हॉस्पिटलला फोन केला, रोज केला. तोवर लिफ्टमध्ये जुनाच कोड होता.

आणि आईचं डायलिसिस काही थांबणार नव्हतं.

मी वॉर्डबॉयला ठणकावून सांगितलं, खुर्ची सरळ घ्या, उलटी ओढू नका. तो "हो ताई" म्हणाला. लिफ्टमध्ये आधीच गर्दी होती, त्याला वळायला जागा हवी होती, त्याने सवयीने खुर्ची फिरवली आणि उलटी ओढली.

आईची पाठ आत गेली.

पुढचं लहान चाक फटीत बसलं.

"थांबा!" मी किंचाळले. मी बाहेर होते, आईच्या पायांपाशी. वॉर्डबॉय ओढत होता. चाक हलेना. दाराचे दोन्ही पल्ले सरकायला लागले… आईचे पाय मध्ये. पातळ साडी, त्याखाली काडीसारखे पाय. मी खाली वाकून हात घातला. मला माहीत होतं, माझ्या हाताने ते दार थांबणार नाही. ते आधी आदळतं, मग उघडतं. मीच तर लिहिणाऱ्यांपैकी आहे.

दार थांबलं.

आईच्या पायापासून वीतभर अंतरावर.

ना ठिंग वाजलं, ना दार परत उघडलं. ते नुसतं थांबलं. कोणीतरी दोन्ही हातांनी धरल्यासारखं. पल्ला आतल्या आत थरथरत होता…

चाक निघालं. खुर्ची आत गेली. मी उडी मारून आत शिरले. मगच दार मिटलं.

लिफ्ट वर निघाली. मी आईचे पाय चाचपले. आई मात्र शांत होती. माझ्याकडे बघून जरा रागावल्यासारखी म्हणाली,

"त्यांना बाहेरच ठेवलंस होय गं?"

"कोणाला?"

"अगं ते गृहस्थ. दार धरून उभे होते ना. दोरीचा चष्मा लावलेले. आभार तरी मानायचेस."

आईने आबांना कधीच पाहिलेलं नव्हतं. त्यांचा फोटोसुद्धा आमच्या घरात नाही.

पुढच्याच आठवड्यात लिफ्टमध्ये नवा कोड गेला. मी स्वतः मेकॅनिकच्या डोक्यावर उभी राहिले. दार थांबायला लागलं. हॉलमध्ये पुन्हा काही ऐकू आलं नाही. आबांची खुर्ची भिंतीशी लावली, ती भिंतीशीच राहिली. मला वाटलं, झालं. त्यांचं काम राहिलं होतं, ते त्यांनी केलं. एकदा सर्व्हरच्या खोलीत एकटी असताना मी मोठ्याने "थँक यू, आबा" म्हणालेसुद्धा. वेडी म्हणा हवं तर. मला बरं वाटलं.

इथे गोष्ट संपली असती तर मी लिहिलीच नसती.

काल दुपारी…

आम्ही सगळे हॉलमध्ये होतो. जेवणं झाली होती. सर फोनवर होते. शंकासुर डुलक्या काढत होता. नवी मुलगी भिंतीकडे तोंड करून कामात गुंग होती.

खुर्ची सरकली.

माझी बोटं कीबोर्डवर जागच्या जागी थिजली. मी शंकासुराकडे पाहिलं. त्याचे डोळे सताड उघडे होते. सरांनी फोन कानापासून दूर धरला. म्हणजे त्यांनाही ऐकू आलं होतं.

आणि मग तो आवाज…

"ब्रेक घेतोय…"

दार नाही. ब्रेक.

कोणी हललं नाही.

"घ्या!" नवी मुलगी म्हणाली.

मान वर न करता. सवयीने. तिने आबांचा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

कोपऱ्यात ठिंग वाजलं. दार उघडलं. मागे भिंत.

मी सर्व्हरकडे धावले. ब्रेकची फाइल आबांच्या नावावर होती. मी वाट पाहिली. कीबोर्डचा आवाज नाही. बदल नाही. नुसती घेतलेली फाइल.

काल संध्याकाळपासून आम्ही ती फाइल ओळ न् ओळ वाचतोय. मी, सर, शंकासुर. ब्रेक कधी लागतो, कधी सुटतो, वजन किती असताना काय होतं. चाचण्या करून झाल्या, पुन्हा करून झाल्या. काही सापडत नाही. सर म्हणाले, "नाव काढ आणि विषय संपव." पण म्हणताना त्यांचाच आवाज बसला होता. मी काढलं नाही. त्यांनीही पुन्हा सांगितलं नाही.

आज सकाळी हॉस्पिटलला फोन केला. म्हटलं, लिफ्ट बंद ठेवा.

"बिघाड काय आहे, मॅडम?"

"ब्रेकमध्ये असू शकतो."

"असू शकतो म्हणजे? मेकॅनिक कालच बघून गेला. सगळं ठीक आहे म्हणाला. पेशंट वर कसे न्यायचे आम्ही? तुम्ही कारण सांगा, मी बंद करतो."

कारण नसेल तर बदल नाही. आबांचाच नियम. मी फोन ठेवला.

नवी मुलगी सारखी विचारतेय, "ताई, माझं काय चुकलं? मी कोणाला घ्या म्हणाले?"

मी ऑफिसातच बसलेय. सर्व्हरच्या खोलीत, पण या वेळी तोंड हॉलकडे करून. चाचणीचं दार कालपासून मिटलेलं नाही. तसंच उघडं आहे. मागच्या वेळी आबांना फार वेळ लागला नव्हता. दोन ओळी लिहिल्या आणि सोडून मोकळे झाले. या वेळी त्यांनी अजून एक अक्षर लिहिलेलं नाही. मला राहून राहून वाटतंय, की त्यांनाही ते सापडत नाहीये.

एक डायलिसिस चुकवलं तर आईला काय होतं ते मी एकदा पाहिलंय. श्वास लागतो. डोळे पांढरे होतात. तिला वर न्यायलाच हवं, आणि वर न्यायला ती एकच लिफ्ट आहे.

आत्ताच तिचा फोन येऊन गेला. आनंदात होती. "उद्या किती वाजता निघायचं गं? त्या गृहस्थांसाठी काहीतरी न्यायला हवं."

मी म्हटलं, "सांगते."

सहा टेबलं दिसतायत. आबांची खुर्ची त्यांच्या टेबलाशी आहे. मी कान देऊन बसलेय.

अजून "सोडलं" आलेलं नाही.

तुम्ही सांगा. उद्या सकाळी आईला त्या लिफ्टमध्ये नेऊ, की नको?